व्होल्टेजला हात न लावता मिळेल तेवढाच वेग

देहूपासून तळवडे, चिखली, भोसरी आणि पलीकडे चाकणपर्यंतच्या पट्ट्यात जुन्या संगणकांवर पोट भरणारं आणि शिक्षण पुढे नेणारं काम पुष्कळ चालतं. डिप्लोमाचा विद्यार्थी भाड्याच्या खोलीत सॉलिडवर्क्सचा सराव करतो, दोन व्हीएमसी (संगणकावर चालणारी मिलिंग यंत्रं) टाकलेला लघुउद्योजक रात्री बसून टूलपाथ, म्हणजे कटर फिरण्याचा मार्ग, काढतो, कोणी लग्नसराईत व्हिडिओ एडिटिंगची कामं घेतो. यांतल्या बहुतेकांच्या टेबलाखालचा पीसी दहा-बारा वर्षांचा असतो आणि नवा घेण्याची ऐपत या वर्षी तरी नसते. अशा वेळी ओव्हरक्लॉकिंगचा मोह होतो, म्हणजे प्रोसेसर कंपनीने ठरवून दिलेल्या गतीपेक्षा जास्त गतीने चालवण्याचा. हा मोह अजिबात चुकीचा नाही. पण त्याबद्दल जो सल्ला सर्वत्र मिळतो तो महागडा कूलर, भक्कम मदरबोर्ड आणि थंड हवामान गृहीत धरून दिलेला असतो. आपल्याकडे यांपैकी एकही गोष्ट नाही. म्हणून या लेखाचं म्हणणं एकच आहे: खिसा आखडता असेल तर आधी हरवलेली गती परत मिळवा, मग व्होल्टेज न वाढवता जेवढी वाढीव गती मिळते तेवढी घ्या आणि तिथेच थांबा. त्यापुढची प्रत्येक पायरी नव्या खर्चाकडे नेते.

सुरुवात ओळखीपासून करायची. सीपीयू-झेड हे मोफत सॉफ्टवेअर टाकलं की प्रोसेसरचं पूर्ण नाव आणि मदरबोर्डचा चिपसेट दिसतो. इंटेलमध्ये नावाच्या शेवटी ‘के’ हे अक्षर असेल, उदाहरणार्थ २०११ चा आय५-२५००के, २०१२ चा आय५-३५७०के किंवा २०१३ चा आय५-४६७०के, तर त्याचा मल्टिप्लायर, म्हणजे मूळ क्लॉकला गुणून गती ठरवणारा अंक, खुला असतो. पण नुसता प्रोसेसर खुला असून भागत नाही, बोर्डही पी६७, झेड६८, झेड७७, झेड८७ किंवा झेड९७ अशा चिपसेटचा लागतो. एच६१, बी७५, एच८१ हे स्वस्त बोर्ड ‘के’ प्रोसेसर चालवतील, पण त्याची गती वाढवू देणार नाहीत. एएमडीचा हात याबाबतीत सैल राहिला आहे. एफएक्स-६३०० आणि एफएक्स-८३५० यांच्यासह एफएक्स मालिकेतले सगळे प्रोसेसर खुले आहेत, २०१७ पासूनचे बहुतेक डेस्कटॉप रायझनही खुले आहेत. रायझनसाठी बी३५० किंवा बी४५० बोर्ड चालतो, ए३२० चालत नाही. एक मधला वर्ग अनेकांना माहीत नसतो. ‘के’ नसलेले दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीचे (२००० आणि ३००० मालिकेतले) टर्बोवाले, म्हणजे भाराखाली गती आपोआप वाढवणारे, आय५ आणि आय७ जर पी६७, झेड६८ किंवा झेड७७ बोर्डवर असतील, तर टर्बो गतीच्या वर चार पायऱ्या, म्हणजे ४०० मेगाहर्ट्झ, वाढवता येतात. चौथ्या पिढीपासून इंटेलने ही सोय काढून टाकली. या सगळ्यांहून जुन्या कोअर टू ड्युओत मल्टिप्लायर बंद असला तरी एफएसबी, म्हणजे मल्टिप्लायर ज्याला गुणतो तो मूळ क्लॉक, वाढवता येते. ई८४०० चा हिशेब ३३३ गुणिले ९ म्हणजे ३ गिगाहर्ट्झ असा आहे, एफएसबी ४०० केली की तो ३.६ वर जातो. मात्र दुसऱ्या पिढीपासून पुढच्या काही पिढ्यांत इंटेलने साटा, पीसीआय एक्सप्रेस आणि प्रोसेसर यांची गती एकाच १०० मेगाहर्ट्झच्या मूळ क्लॉकला बांधली. तिथे तो क्लॉक वाढवायला गेलात तर दोन-चार टक्क्यांपलीकडे हार्ड डिस्कवरचा डेटा खराब होण्याची वेळ येते. त्या पिढ्यांवर बेस क्लॉकला हात लावू नका.

आता कटू वाटणारी गोष्ट. आपल्या भागात स्वस्तात मिळणाऱ्या जुन्या पीसींमध्ये आयटी कंपन्यांनी काढून टाकलेले डेल ऑप्टिप्लेक्स, एचपी कॉम्पॅक आणि लेनोवो थिंकसेंटर फार मोठ्या संख्येने आहेत. त्यांत आय५-२४००, आय५-३४७० किंवा आय५-४५७० असतो आणि बायोसमध्ये गती वाढवण्याचा पर्यायच नसतो. असा पीसी ओव्हरक्लॉक होत नाही. कोणी सॉफ्टवेअर टाकून करून देतो म्हणालं तरी विश्वास ठेवू नका. पण त्यामुळे निराश होण्याचंही कारण नाही. एच६१ बोर्डवर दोन कोअरचा आय३-२१२० असेल तर त्याच सॉकेटमध्ये चार कोअरचा जुना आय५ किंवा आय७-३७७० बसवणं हा कोणत्याही ओव्हरक्लॉकिंगपेक्षा मोठा फायदा आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्यातल्या जुन्या पार्टच्या दुकानांत हे प्रोसेसर सुटे मिळतात. फक्त बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या यादीत तो प्रोसेसर आहे का, आणि त्यासाठी बायोस अपडेट लागतं का, हे पैसे देण्याआधी पाहा. ऑप्टिप्लेक्स ७९० सारख्या काही ब्रँडेड पीसींत तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर चालत नाही. बायोस अपडेट करताना वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो. त्यामुळे ते काम यूपीएसशिवाय करू नका आणि महावितरणची देखभाल चालते त्या गुरुवारी तर मुळीच नको.

हरवलेली गती म्हणजे काय, हे नीट समजून घ्यायला हवं, कारण फुकटातली बहुतेक कमाई इथेच आहे. प्रोसेसर ठरावीक तापमानाला पोचला की स्वतःला वाचवण्यासाठी गती खाली आणतो. मालकाला वाटतं पीसी जुना झाला, प्रत्यक्षात तो गुदमरलेला असतो. फाउंड्री, ग्राइंडिंग आणि सीएनसी शॉप यांच्या शेजारी असलेल्या पीसीत नुसती धूळ नसते. तेलाचा ओलसर थर आणि बारीक धातूकण मिळून हीटसिंकच्या पात्यांमध्ये घट्ट पापुद्रा बनतो. धातूकण वीजवाहक असल्याने मदरबोर्डवर ते शॉर्टचंही कारण ठरू शकतात. त्याच्या जोडीला प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधली थर्मल पेस्ट वर्षानुवर्षांत वाळून खडूसारखी होते. ही दोन कामं कोणीही घरी करू शकतो. वायर काढून, पॉवरचं बटण एकदा दाबून उरलेला विद्युतभार जाऊ द्या, मग मऊ ब्रश आणि हाताचा ब्लोअर वापरा. वर्कशॉपमधल्या कॉम्प्रेसरची हवा सोयीची वाटते, पण त्या लाइनीत पाणी आणि तेल असतं, आणि जोराच्या हवेने गरगर फिरलेला पंखा बेअरिंग बिघडवून घेतो. पंखा बोटाने धरून ठेवावा. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवी तुरीच्या दाण्याएवढी मधोमध ठेवली की पुरते. एएमडीच्या एएम३+ आणि एएम४ सॉकेटमध्ये एक धोका आहे. वाळलेल्या पेस्टमुळे हीटसिंक उचलताना प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. त्यासाठी आधी पीसी दहा मिनिटं चालवून गरम करा, मग बंद करून हीटसिंक डावीकडे-उजवीकडे हलका फिरवत सोडवा. इंटेलच्या मूळ कूलरचे चारही पाय बोर्डात पूर्ण बसले आहेत का हे बोर्डच्या मागून पाहा. एक पाय अर्धवट बसला असला तरी तापमानात मोठा फरक पडतो.

गती हरवण्याची आणखी तीन कारणं आहेत. रॅमची एकच काडी असेल तर मेमरीची अर्धीच वाट वापरात असते. तशीच दुसरी काडी योग्य स्लॉटमध्ये टाकली की दोन्ही वाटा खुल्या होतात. आणि जुनी हार्ड डिस्क असेल तर ओव्हरक्लॉकिंगचा विचारही नंतर करा, आधी छोटी का होईना एसएसडी घ्या. तिसरं कारण सॉफ्टवेअरचं. जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या त्रुटी जाहीर झाल्या, त्यावर आलेल्या दुरुस्त्यांनी चौथ्या पिढीच्या आणि त्याआधीच्या इंटेल प्रोसेसरची गती जाणवेल इतकी कमी होऊ शकते हे मायक्रोसॉफ्टनेच तेव्हा सांगितलं होतं. त्या दुरुस्त्या बंद करून गती परत मिळवा, असा सल्ला काही जण देतात. ज्या पीसीवर बँकेचे व्यवहार, जीएसटी किंवा ईमेल चालतो तिथे हा सल्ला धोकादायक आहे. तेवढी गती गेली ती गेली, असंच धरून चला.

एवढं झाल्यावर मुख्य मुद्दा. व्होल्टेज न वाढवण्याचा आग्रह का, याचं उत्तर एका साध्या नियमात आहे. प्रोसेसरमधले ट्रान्झिस्टर चालू-बंद होताना जी वीज खातात ती गतीच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. आय५-२५००केचंच उदाहरण घेऊ. चारही कोअरवर काम असताना तो मूळ सेटिंगमध्ये ३.४ गिगाहर्ट्झने चालतो. समजा त्या वेळचं व्होल्टेज १.२० आहे. तेच व्होल्टेज ठेवून गती ४ गिगाहर्ट्झ केली, आणि या प्रोसेसरला ते अनेकदा जमतं, तर गती सुमारे १८ टक्के वाढते आणि उष्णताही साधारण १८ टक्केच वाढते. आता ४.५ गिगाहर्ट्झ हवा म्हणून व्होल्टेज १.३५ केलं, तर मूळच्या तुलनेत गती ३२ टक्के वाढते पण उष्णता सुमारे ६८ टक्के. म्हणजे ४ पासून ४.५ पर्यंतच्या शेवटच्या साडेबारा टक्के गतीसाठी उष्णतेत आणखी ४२ टक्क्यांची भर पडते. प्रत्यक्षात गळतीचा प्रवाहही तापमानाबरोबर वाढत असल्याने आकडा याहून वाईटच निघतो. ही जादाची उष्णता बाहेर काढायला नवा कूलर लागतो, ती वीज पुरवायला चांगला एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लाय, लागतो, ती वीज प्रोसेसरपर्यंत नेणारं मदरबोर्डवरचं सर्किट दमदार लागतं. पहिल्या १८ टक्क्यांसाठी यांतलं बहुधा काहीच लागत नाही. पैशाचा हिशेब इथेच स्पष्ट होतो.

यात उन्हाळा मिळवा म्हणजे चित्र पूर्ण होईल. प्रोसेसरचं तापमान हे खोलीच्या तापमानावर चढलेलं तापमान असतं. खोली जेवढे अंश तापते, जवळपास तेवढेच अंश प्रोसेसरही जास्त तापतो. मूळ सेटिंगमध्ये पूर्ण भाराखाली तो खोलीपेक्षा ३५ अंश वर जातो असं धरू. व्होल्टेज न वाढवता केलेल्या ४ गिगाहर्ट्झला हा फरक ४१ होईल, १.३५ व्होल्टच्या ४.५ ला तो ५९ होईल. जानेवारीत खोली २० अंश असताना आकडे ६१ आणि ७९ येतात आणि दोन्ही सेटिंग चांगली वाटतात. तुकाराम बीज सरली की आपल्याकडे ऊन तापू लागतं, आणि एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या छताखालची खोली दुपारी ३८ अंशांवर सहज जाते. तेव्हा पहिलं सेटिंग ७९ वर राहील आणि दुसरं ९७ वर जाईल. या प्रोसेसरची कमाल मर्यादा ९८ आहे. म्हणजे हिवाळ्यात यशस्वी ठरलेलं ओव्हरक्लॉकिंग ऐन परीक्षेच्या दिवसांत दगा देतं. म्हणून चाचणी कधीही करा, पण आजच्या खोलीच्या तापमानात आणि ३८ मध्ये जेवढा फरक आहे तेवढे अंश आलेल्या आकड्यात मिळवा. ती बेरीज इंटेलसाठी ८० च्या आत असावी. एफएक्स मालिकेची मर्यादा इंटेलपेक्षा बरीच खाली, साठ अंशांच्या आसपास आहे. त्यामुळे मूळ कूलरवर मे महिन्यात एफएक्स-८३५० ची गती वाढवण्याचा प्रयत्न करूच नये. १२५ वॉटचा तो प्रोसेसर मूळ सेटिंगमध्येच पुरेसा तापतो. तिसऱ्या पिढीच्या ३५७०केबद्दलही सावध राहा. दुसऱ्या पिढीत चिप आणि वरचं धातूचं झाकण यांच्यात सोल्डर होतं, तिसऱ्या पिढीत इंटेलने तिथे पेस्ट वापरली आणि त्यामुळे तो व्होल्टेज वाढवताच लवकर तापतो.

विजेची बाजू आपल्याकडे उष्णतेइतकीच महत्त्वाची आहे. स्वस्त कॅबिनेटसोबत आलेल्या एसएमपीएसवर ४५० वॉट छापलेलं असतं, पण प्रोसेसरला वीज १२ व्होल्टच्या लाइनीवरून मिळते आणि त्या लाइनीची खरी ताकद लेबलवरच्या अँपिअरच्या आकड्यातून कळते. अँपिअरला बाराने गुणा, येईल तो खरा वॉट. पीसीवर पूर्ण भार टाकून मल्टिमीटरने पिवळ्या आणि काळ्या वायरमधलं व्होल्टेज मोजा. ते ११.४ ते १२.६ च्या आत हवं आणि भार येताच फार खाली बसायला नको. आपल्या भागात आयटीआय केलेला इलेक्ट्रिशियन प्रत्येक गल्लीत आहे, मल्टिमीटर नसेल तर त्याच्याकडून मोजून घ्या. सोबत अर्थिंगही तपासायला सांगा, कारण भाड्याच्या अनेक खोल्यांत थ्री-पिनचं तिसरं भोक नुसतं दिखाव्याचं असतं. न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त दिसत असेल तर आधी ते दुरुस्त करा. एसएमपीएस स्वतः उघडू नका, बंद केल्यावरही त्यातले कपॅसिटर झटका देण्याइतके भारलेले असतात. मदरबोर्डवर प्रोसेसरच्या बाजूच्या उभ्या कपॅसिटरांची डोकी फुगलेली किंवा ओली दिसत असतील, तर त्या बोर्डवर ओव्हरक्लॉकिंगचा विषय संपला. तिथेच असलेल्या काळ्या चौकोनी भागांवर धातूची पट्टी नसेल तर तो बोर्ड वाढीव व्होल्टेजसाठी बनलेला नाही असं समजा. आणखी एक बारकावा आहे. मूळ कूलरचा पंखा खाली तोंड करून वारा देतो, त्यामुळे हे भागही थंड राहतात. उभा टॉवर कूलर लावला की प्रोसेसर थंड होतो पण या भागांवरचा वारा बंद होतो. कूलर बदलून सगळं निभावेल असं मानणारे हे विसरतात.

आता प्रत्यक्ष कृती. महत्त्वाच्या फाइलींची प्रत आधी पेनड्राइव्हवर किंवा दुसऱ्या डिस्कवर घ्या, ही अट आहे. बायोसची बटणाएवढी बॅटरी, सीआर२०३२, जुनी असेल तर बदला, नाहीतर सेटिंग पुसलं जाईल. बायोसमध्ये जाऊन मूळ सेटिंग लोड करा आणि प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा. विंडोजमध्ये एचडब्ल्यूइन्फो हे नोंदी दाखवणारं सॉफ्टवेअर लावून, पूर्ण भारावर वीस मिनिटं गती, तापमान आणि व्होल्टेज किती होतं ते लिहून घ्या. सोबत तुमचं खरं काम, एखादा टूलपाथ किंवा रेंडर, किती मिनिटांत होतं तेही मोजा. नंतरच्या सगळ्या तुलना या कागदाशी करायच्या आहेत. मग बायोसमध्ये सर्व कोअरचा मल्टिप्लायर एका अंकाने वाढवा. इथे सर्वांत मोठी चूक होते ती व्होल्टेज ‘ऑटो’वर सोडण्याची. मल्टिप्लायर वाढलेला पाहून बरेच बोर्ड ऑटोमध्ये आपणहून गरजेपेक्षा कितीतरी जास्त व्होल्टेज देतात, आणि आपण काही वाढवलंच नाही अशा समजुतीत वापरणारा राहतो. म्हणून मूळ सेटिंगमध्ये भाराखाली जे व्होल्टेज नोंदवलं, तेवढंच हाताने बांधून द्या. पुढच्या फेरीत एचडब्ल्यूइन्फोमध्ये ते खरोखर तेवढंच राहतं का ते पाहा. रॅमची गती, बेस क्लॉक, लोडलाइन यांना या काळात हात लावू नका, नाहीतर अडचण कुठून आली ते कळणार नाही. काम नसताना गती खाली आणणारी स्पीडस्टेपची सोय चालूच ठेवा.

प्रत्येक पायरीला पंधरा मिनिटं ओसीसीटी किंवा प्राइम९५ हे पूर्ण भार टाकणारं चाचणी सॉफ्टवेअर चालवा आणि समोर बसून तापमान पाहा. प्राइम९५ ची काही सेटिंग प्रोसेसरला रोजच्या कोणत्याही कामापेक्षा जास्त तापवतात. तापमान इंटेलमध्ये ८५ किंवा एफएक्समध्ये साठच्या आसपासची मर्यादा ओलांडू लागलं तर चाचणी लगेच थांबवा. पीसी हँग झाला, निळा पडदा येऊन त्यावर डब्ल्यूएचईए (हार्डवेअरची चूक) लिहिलेलं दिसलं, किंवा प्राइम९५ चा एखादा वर्कर चुकीचं उत्तर आलं म्हणून थांबला, तर तुमच्या प्रोसेसरची त्या व्होल्टेजची मर्यादा गाठली गेली. तिथून दोन पायऱ्या, म्हणजे २०० मेगाहर्ट्झ, खाली या. एकच पायरी खाली आलात तर आज चालेल, पण उन्हाळा आणि वाढतं वय यांच्यासाठी राखीव काही उरणार नाही. त्या सेटिंगवर चार-पाच तासांची सलग चाचणी घ्या. मग आठवडाभर नेहमीचं काम करा आणि एचडब्ल्यूइन्फोमधल्या डब्ल्यूएचईए चुकांची ओळ शून्यावर आहे ना ते रोज बघा. निळा पडदा न येता होणाऱ्या चुका सर्वांत वाईट, त्या फाइल खराब करतात आणि कळतं महिन्याने. पीसी सुरूच होईना तर घाबरू नका. वायर काढून बोर्डवरचा क्लिअर सीमॉसचा जंपर वापरा किंवा ती बॅटरी पाच मिनिटं काढून ठेवा, सेटिंग मूळ पदावर येतं.

यावर पहिला आक्षेप असा येतो की बारा वर्षं इमानाने चाललेल्या यंत्राला आता कशाला ताण द्यायचा, आयुष्य घटेल. आक्षेप वजनदार आहे. चिपमधल्या धातूच्या तारा कालांतराने का झिजतात याचं गणित मोटोरोलात काम करणाऱ्या जेम्स ब्लॅक यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस मांडलं. त्यानुसार झीज दोन गोष्टींवर अवलंबून असते: तारेतून जाणाऱ्या प्रवाहाची घनता आणि तापमान. तापमानाचा परिणाम तर फार वेगाने वाढत जातो. वाळलेली पेस्ट आणि धुळीने बुजलेला हीटसिंक घेऊन ९० अंशांवर चालणारा प्रोसेसर मूळ गतीवर असला तरी झिजतच असतो. तो साफ करून, तेच व्होल्टेज ठेवून, थोड्या जास्त गतीने ७५ अंशांवर चालवला तर पूर्वीपेक्षा त्याची अवस्था बरी असण्याचीच शक्यता जास्त. आयुष्य घटवण्याची भीती वाढीव व्होल्टेजबद्दल खरी आहे, आणि नेमकं तेच आपण टाळतो आहोत.

दुसरा आक्षेप उलट्या बाजूचा: एवढ्याशा वाढीने काय होणार? उत्तर प्रामाणिकपणे द्यायला हवं. १८ टक्के जास्त गती म्हणजे दहा मिनिटांचं काम फार तर साडेआठ मिनिटांत. रेंडरिंग, व्हिडिओ एक्सपोर्ट आणि कोअर वाटून घेणारे टूलपाथ यांना हा फायदा होतो. पण सॉलिडवर्क्समध्ये मॉडेल पुन्हा बांधणं हे बहुतांशी एकाच कोअरचं काम आहे, आणि एका कोअरवर २५००के मुळातच टर्बोने ३.७ वर जातो. तिथे ४ गिगाहर्ट्झने आठ टक्केच मिळतात. रोज तासन् तास रेंडर करणाऱ्याला हा वेळ महत्त्वाचा आहे. टायपिंग, अकाउंट्स आणि ऑनलाइन लेक्चर एवढंच काम असेल तर नाही, तिथे साफसफाई आणि एसएसडीवर थांबणं शहाणपणाचं. विजेच्या बिलाचं म्हणाल तर भाराखाली वीसेक वॉट जास्त लागले आणि रोज चार तास काम चाललं, तरी महिन्याला अडीच युनिटच्या आत भागतं.

तिसरा आक्षेप उत्साही लोकांचा असतो. थोडे पैसे घालून टॉवर कूलर घेतला तर ४.५ का नको? गणित मांडून पाहा. कूलर, मग चांगला एसएमपीएस, कॅबिनेटचे दोन पंखे, एवढ्यात जो पैसा जातो त्यात जुन्या बाजारातला आठ थ्रेडचा आय७ किंवा रायझनच्या पहिल्या-दुसऱ्या पिढीचा प्रोसेसर आणि बोर्ड यांच्या दिशेने बराच पल्ला गाठता येतो. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला अधिकृतपणे आठव्या पिढीचा इंटेल किंवा रायझन २००० मालिका लागते. कितीही ओव्हरक्लॉक केला तरी २५००के त्या यादीत येणार नाही. जो पीसी आणखी दोन-तीन वर्षंच वापरायचा आहे, पुढे लिनक्सवर न्यायचा आहे किंवा इंटरनेटपासून तोडून ठेवायचा आहे, त्याच्यात नवे पैसे घालू नका. तेच साठवा.

काही पीसींना मात्र ही फुकटची वाढही देऊ नये. ज्यावरून मशीनला थेट प्रोग्रॅम जातो, ज्यावर दुकानाचा हिशेब आणि जीएसटीचं बिलिंग आहे, किंवा ज्यावर मुलाची ऑनलाइन परीक्षा व्हायची आहे, तो पीसी मूळ गतीवरच राहू द्या. टूलपाथमधला एक आकडा बिघडला तर टूल तुटतो, कधी जॉबही जातो, आणि त्याची भरपाई वाचलेल्या मिनिटांतून होत नाही. लॅपटॉपलाही हेच लागू. त्याची उष्णता बाहेर काढण्याची व्यवस्था मुळातच तोकडी असते, तिथे सफाई आणि नवी पेस्ट एवढंच करावं.

सगळं जमून आलं की एका कागदावर मूळ मल्टिप्लायर, मूळ व्होल्टेज, बदललेली गती, पेस्ट लावल्याची तारीख आणि भाराखालचं तापमान लिहा. तो कागद कॅबिनेटच्या झाकणाला आतून चिकटवा. पुढे हा पीसी धाकट्या भावाकडे गेला, विकला गेला किंवा दुरुस्तीला गेला, तर उघडणाऱ्याला काय बदललं आहे ते पहिल्या मिनिटात कळलं पाहिजे.